बिरूतात्यांचा एकुलता एक नकार

बिरुदेव हरिबा कोकरे यांना देवाने खाली धाडताना तोंडात एकच शब्द घालून धाडलं होतं, आणि तो म्हणजे "व्हय की."

न्हाव्याने विचारलं, "तात्या, मिशी जरा बारीक करू का?" की तात्या म्हणणार, "व्हय की." मग घरी येऊन आरशात बघणार आणि आठवडाभर तोंडावर हात धरून हिंडणार. पंगतीत वाढप्याने शेंगापोळी पुढे केली की "व्हय की", दुसरी केली की "व्हय की", आणि घरी आल्यावर ओवा. वसाहतीत गणपतीची दोन मंडळं होती. दोन्ही मंडळांनी अध्यक्ष व्हा म्हणून गळ घातली आणि तात्या दोन्हींचे अध्यक्ष झाले. विसर्जनाला दोन्ही मिरवणुका एकाच बोळात समोरासमोर आल्या, तेव्हा अध्यक्षांनी इकडच्यांनाही सांगितलं, "आदी तुमीच जावा," आणि तिकडच्यांनाही सांगितलं, "आदी तुमीच जावा." दोन्ही गणपती बराच वेळ एकमेकांकडे बघत उभे होते.

हा गुण रक्तातला. तात्यांचे वडील सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखायचे. ते म्हणायचे, "मेंढराला कदी 'हिकडं चल' म्हनू नये. त्येच्या मागनं गुमान चालावं. कुटं जायाचं ते त्येलाच ठरवू द्यावं, आन् दिवस मावळताना लोकास्नी सांगावं, मीच आनली." तात्यांनी मेंढरं सोडली, सोलापुरात आले, शहराच्या एका विभागीय कार्यालयात चिकटले आणि हेडक्लार्कच्या खुर्चीपर्यंत पोचले. पण चालले ते सगळ्यांच्या मागूनच. साहेब बदलले, सरकारं बदलली, टाईपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले. तात्या मागून चालत राहिले आणि संध्याकाळी सगळं आपोआप घरी पोचत राहिलं.

तात्यांचं घर बंद पडलेल्या मिलच्या मागच्या वसाहतीत. वसाहतीच्या तोंडाशी विजेची डीपी होती, म्हणजे धोक्याची कवटी रंगवलेला तो लोखंडी डबा. त्या डीपीच्या आडोशाला कचऱ्याचा ढीग. हा ढीग वसाहतीतल्या कित्येक भाडेकरूंपेक्षा जुना होता. पत्ता सांगताना लोक म्हणत, "ढिगापासनं डाव्या हाताला वळा." सकाळी ट्रॅक्टर येऊन ढीग उचलून नेई. दुपारी जेवायच्या वेळेला तो पुन्हा हजर, हक्काने, जावयासारखा.

एवढ्यात तात्यांच्या कार्यालयातले मोठे साहेब कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि येताना एक शब्द घेऊन आले. पूर्वीचे साहेब बाहेरगावाहून येताना पेढे आणायचे.

"कोकरे," साहेब म्हणाले, "सामाजिक प्रश्न कधी एका खात्याचा नसतो. आपण आंतरविद्याशाखीय विचार केला पाहिजे. इंजिनीयर, समाजशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सगळे एका टेबलाशी! सुरुवात त्या मिलमागच्या ढिगापासून करू. तुम्ही तिथंच राहता ना? मग समन्वयक तुम्हीच."

"व्हय की," तात्या म्हणाले, आणि बाहेर येऊन शिपायाला विचारलं, "समन्वयक म्हंजी काय करायचं असतं रं?"

"टेबलं जोडायची, तात्या."

तात्यांनी टेबलं जोडली. पहिल्या खुर्चीवर बसले इंजिनीयर येमूलसाहेब. विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू, बाहेर मराठी आणि मनात सिमेंट. जगातली कुठलीही अडचण काँक्रीटचा एक थर दिला की मिटते, अशी त्यांची श्रद्धा. दुसऱ्या खुर्चीवर प्राध्यापक मल्लप्पा बिराजदार. गाव अक्कलकोट, विषय समाजशास्त्र. त्यांना कुठलाही प्रश्न विचारला की ते उत्तर म्हणून प्रश्नावली देत. तिसऱ्या खुर्चीवर डॉक्टर अंकिता मॅडम, मानसशास्त्राच्या. त्या बोलणाऱ्याकडे इतक्या समजुतीने बघायच्या, की चहा द्यायला आलेला माणूसही दारात थांबून घरचं सांगायला लागे.

आणि चौथ्या खुर्चीवर तात्या. त्यांच्या मनात एक गोष्ट अशी होती, की ती बाहेर पडू नये म्हणून ते बैठकीत खारीसुद्धा जपून चावायचे.

त्या ढिगावर रोज एक बादली रिकामी करणाऱ्या बाईचं नाव होतं राजाबाई बिरुदेव कोकरे.

राजाबाईंचं म्हणणं अगदी सरळ होतं. नळ काही रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी बायका हमखास घरी सापडतात, म्हणून कुणा हुशार माणसाने घंटागाडीही त्याच सकाळी, त्याच वेळेला लावून दिली होती. बायका घरी सापडायच्याही. फक्त त्यांचे हात सापडायचे नाहीत.

"एका हातात पाइप, दुसऱ्या हातात घागर," राजाबाई म्हणायच्या. "कचऱ्याची बादली काय दातात धरू? भांडं धरून बाहीर पळावं तर हिकडं पानी वाया. पानी भरावं तर तिकडं गाडी गेली गाणं म्हनत. मग पुडल्या पाण्यापत्तूर कांद्याची टरफलं काय उशाला घिऊन निजू?"

"व्हय की," तात्या म्हणायचे.

ही गोष्ट समितीत सांगितली असती तर समिती पहिल्याच बैठकीत मोडली असती. पण कुणीतरी विचारलं असतं, "तुम्हाला कसं कळलं, कोकरे?" मग काय सांगणार? तात्या गप्प बसले. मेंढरं कुठं जातात ते बघावं, असं त्यांनी ठरवलं.

मेंढरं आधी गेली काँक्रीटकडे. येमूलसाहेबांनी ढिगाच्या जागी सुंदर ओटा बांधून दिला. ओटा वाळायच्या आत त्यावर कचरा दिसू लागला. फरक एवढाच, की आधी कचरा जमिनीवर होता आणि आता त्याला बसायला जागा मिळाली.

मग बिराजदार सरांनी सर्वेक्षण केलं. त्यांची मुलं घरोघर गेली. वसाहतीतल्या झाडून सगळ्या बायकांनी सांगितलं, "आमी न्हाय टाकत बाई. पल्याडच्या गल्लीतल्या टाकत्यात." मुलं पल्याडच्या गल्लीत गेली. तिथल्या बायका म्हणाल्या, "आमी? हितल्या टाकत्यात की!" सरांनी यावरून असा निष्कर्ष काढला, की कचरा कुणीच टाकत नाही, सबब प्रश्न मुळातच गुंतागुंतीचा आहे.

मग अंकिता मॅडम म्हणाल्या, की पवित्र जागी माणूस घाण करत नाही. डीपीमागच्या भिंतीवर देवांच्या फरशा बसवल्या. सगळ्या धर्मांच्या, भांडण नको म्हणून. पहिला दिवस शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी उदबत्ती लावली, तिसऱ्या दिवशी नारळ फोडला. आठवड्याभरात करवंट्या, हार, केळीची सालं, उदबत्त्यांची पाकिटं आणि प्रसादाचे द्रोण मिळून ढीग गुडघ्याचा कमरेला आला. शिवाय आता तो उचलायला ट्रॅक्टरवाला तयार होईना. म्हणाला, "देवाचं हाय. मी हात लावनार न्हाय."

शेवटी मॅडमनी लोकलज्जेचा विषय काढला. "कचरा टाकणाऱ्यांचे फोटो काढायचे. दर सोमवारी एक फोटो चौकात मोठ्या फ्लेक्सवर लावायचा. वर लाल अक्षरात लिहायचं, 'यांना ओळखता का?' बस! माणूस शरमेने सुधारतो."

"कॅमेरा मी डीपीच्या खांबावर बसवतो," येमूलसाहेब म्हणाले. "खाली जरा काँक्रीट लागेल."

"फोटो कोकरेंच्या मोबाईलवर येतील," सर म्हणाले. "ते स्थानिक आहेत. ओळख पटवून आठवड्याचा माणूस तेच निवडतील. हौदु?"

कानडीतला हा 'होय ना' तात्यांना कळला. "व्हय की," ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या घशात खारी अडकली.

घरी गेल्यावर त्यांनी राजाबाईंना विनवून पाहिलं. "अगं, तितं आता फोटो काढनार हायत. मी समितीत. उद्या तुजा फोटो चौकात लागला तर मला त्वांड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय. थोडे दिस कचरा घरात ठिव."

"आन् ठिवू कुटं? तुमच्या समितीच्या टेबलावर?"

पहिल्या सोमवारी तात्यांनी शेजारच्या तानाबाईंचा फोटो निवडला. त्यांना वाईट वाटलं, पण बायकोपेक्षा शेजारीण बरी. चौकात फ्लेक्स चढला. तानाबाई, हातात बादली, पदर खोचलेला, तोंड अर्धं वळलेलं. वर लाल अक्षरात : 'यांना ओळखता का?'

समितीत तीन विद्वान बसले होते. पण एक साधी गोष्ट एकाच्याही लक्षात आली नाही. या शहरात माणसाचा फोटो फ्लेक्सवर लागतो तो वाढदिवसाला, निवडीबद्दल अभिनंदनाला किंवा मेल्यावर. तानाबाई जिवंत होत्या हे सगळ्यांना दिसत होतं. मजकूर वाचण्याची आपल्याकडे पद्धत नाही. फ्लेक्सवर माणूस केवढा आहे ते बघतात.

दुपारपर्यंत तानाबाईंच्या भावाचा होटगीहून फोन आला. "आक्का, तुजा फोटू लागलाय म्हनं चौकात! कशात निवडून आलीस?" संध्याकाळी त्यांच्या लेकाने पेढे वाटले. एक पेढा तात्यांनाही मिळाला. "तात्या, तुमच्यामुळं झालं," तो पाया पडत म्हणाला. तात्यांनी पेढा खाल्ला. नको म्हणायची सवय नव्हती.

राजाबाईंनी मात्र पेढ्याला हात लावला नाही.

"तानीचा फोटू?" त्या म्हणाल्या. "ती काल आली ह्या कोपऱ्यावर! मी टाकत हुते तवा तितं डीपीबी नव्हती."

"अगं, पर ती लाज वाटावी म्हनून..."

"मला शिकवू नगा. यवढा मोटा फोटू! जलमात कुनी आपला यवढा फोटू काडला हुता का? लग्नातबी काडला तर तुमच्या आत्त्याच्या डोक्यामागं मी निम्मीच आलीया."

त्या दिवसापासून कोपऱ्याची कळाच बदलली. बायका न्हाऊन-धुऊन, पावडर लावून कचरा टाकायला येऊ लागल्या. कचरा टाकण्याआधी खांबाकडे बघून पदर सारखा करायचा, टाकल्यावर क्षणभर थांबायचं. एका आजोबांनी फेटा बांधून येऊन फक्त एक कागदाचा बोळा टाकला आणि छाती काढून उभे राहिले. ज्यांच्या घरात कचरा कमी होता त्यांनी शेजारून मागून आणला. पलीकडच्या गल्लीतल्या बायका, ज्या खरोखरच इथे कचरा टाकत नव्हत्या, त्याही आता येऊ लागल्या. ढीग डीपीच्या डोक्याला लागला, तेव्हा बिराजदार सरांनी अहवालात लिहिलं : 'लोकसहभागात लक्षणीय वाढ.'

तात्यांच्या मोबाईलवर रोज फोटो येत. त्यांत रोज राजाबाई असत. सोमवारी इरकल, मंगळवारी बोरमाळ, बुधवारी केसांत अबोलीचा गजरा. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, पण बादली नेहमी पुढे. तात्या दर सोमवारी देवाचं नाव घेऊन दुसऱ्या कुणाचा तरी फोटो निवडायचे. वसाहतीतल्या बायका संपत आल्या. फेटेवाले आजोबा लागले. एकदा तर एक कुत्रा लागला.

कुत्र्याचा फ्लेक्स लागला त्या दिवशी घरात भांडण झालं नाही. नुसती कडक भाकरी वाढली गेली.

कडक भाकरी ही सोलापूरची शान. पापडासारखी पातळ, वाळवून ठेवलेली, महिनाभर टिकणारी. गरम आमटीत चुरून खाल्ली तर स्वर्ग. राजाबाईंनी आमटी केली नाही. ताटात कोरडी भाकरी आणि चिमूटभर शेंगाचटणी. तात्या चावू लागले की आवाज असा व्हायचा, की तानाबाई भिंतीपलीकडून विचारायच्या, "राजाक्का, फरशी फोडताय का काय?"

"न्हाय, आमच्या घरी कुत्र्याला मान हाय, मानसाला न्हाय," राजाबाई मोठ्याने म्हणायच्या.

पुढच्या बैठकीत अंकिता मॅडमनी मोठ्या पडद्यावर सगळे फोटो एकामागून एक दाखवले आणि मधेच थांबल्या. "ही बाई बघा. रोज येते, नटून येते आणि सरळ कॅमेऱ्यात बघते. डोळ्यांत काहीतरी मागणी आहे. कोकरे, हिची ओळख पटली का? एकदाही फ्लेक्सवर नाही आली."

"चौकशी चालू हाय," तात्या म्हणाले. पंखा फुल्ल होता तरी त्यांच्या कानामागून घाम उतरत होता.

"आपण उद्या सकाळी प्रत्यक्षच जाऊ या. चालेल?"

मेंदूने 'नको' म्हणेपर्यंत जिभेने "व्हय की" म्हणून टाकलं होतं.

घरी येऊन त्यांनी मोठी चूक केली. म्हणाले, "उद्या सकाळी कोपऱ्याकडं फिरकू नगंस. समिती येनार हाय."

"सोता येनार?" राजाबाईंनी डोळे मोठे केले आणि इस्त्री तापायला ठेवली.

सकाळी समिती ढिगासमोर नाकाला रुमाल लावून उभी होती. तेवढ्यात बोळातून राजाबाई आल्या. अंगावर हिरवीगार इरकल, नाकात नथ. बादली त्यांनी राखेने अशी घासली होती, की तीत ऊन मावत नव्हतं. त्या आल्या, समितीसमोर थांबल्या आणि मॅडमकडे बघून छान हसल्या.

मॅडम हळूच तात्यांकडे वळल्या. "हीच ती. कोकरे, या बाईंना ओळखता का तुम्ही?"

आता सगळं आयुष्य ज्याने 'व्हय की' म्हणण्यात घालवलं, त्याला इथे काय अवघड होतं? तोच शब्द पुरला असता. पण तात्यांना पुढचे प्रश्न दिसले, साहेब दिसले, वसाहत दिसली, आणि इतक्या वर्षांत न वापरलेला, गंजलेला एक शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडला.

"न्हाय."

राजाबाईंचं हसू जाग्यावर राहिलं, पण त्यातला जीव गेला. त्यांनी बादली खाली ठेवली.

"काय म्हनला?"

तात्या डीपीवरच्या कवटीकडे बघू लागले.

"न्हाय वळखत? मग सकाळी कुनाच्या हातचा च्या पिऊन आलाय? अंगातला सदरा कुनी धुतला? ह्या पाव्हण्यांची लेकरं कुनी वाडवली गं तानाबाई?"

"अय्यो," बिराजदार सर पुटपुटले. "म्हणजे ह्या..."

पुढचं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही, कारण बोळातून कुणीतरी ओरडलं, "नळ आला गं!" आणि त्याच क्षणी कोपऱ्यावरून गाणं वाजवत घंटागाडी वळली. क्षणात सगळी वसाहत पळायला लागली. भांडण कितीही मोठं असो, पाणी त्याहून मोठं. राजाबाईंनी आजूबाजूला बघितलं. नवरा तर ओळखीचा नव्हता. मग जे समोर होते त्यांनाच दारापर्यंत ओढत नेऊन त्यांनी कामाला लावलं.

"ओ, चष्मेवाले! बघताय काय? ह्यो पाइप धरा पिंपात!" येमूलसाहेबांनी पाइप धरला. "पोरी, ही घागर घे, भरली की ती लाव!" मॅडमनी घागर लावली. "आन् तुमी, सर, ही बादली घ्या आन् गाडी गाठा. पळा!"

बिराजदार सर पळाले. कॉलेज सोडल्यापासून ते पळाले नव्हते. पुढे गाडी गाणं म्हणत चाललेली, मागे सर, हातात चकचकीत बादली, बादलीत टरफलं. "निंद्री! अरे, निंद्री!" सर कानडीत ओरडत होते. थांबा म्हणजे थांबा, पण गाण्यापुढे ते कुणाला ऐकू जाणार? गाडी वळली आणि गेली. सर कोपऱ्यावर धापा टाकत उभे राहिले. बादलीला वास येत होता. घर लांब होतं. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि बादली ढिगावर उपडी केली.

खांबावरच्या कॅमेऱ्याने त्याचं काम चोख केलं.

पुढच्या बैठकीत पडद्यावर पहिलाच फोटो प्राध्यापक मल्लप्पा बिराजदार यांचा आला. डावीकडे बघताना, उजवीकडे बघताना, आणि मग बादलीसह. सगळ्यांत आधी हसले ते स्वतः सर, आणि इतके हसले की डोळे पुसावे लागले.

"मी पलीकडच्या गल्लीतला आहे," ते म्हणाले. "लिहून घ्या."

मॅडमचा खांदा त्या दिवशी घागरीने भरून आला होता. येमूलसाहेबांचे बूट अजून ओले होते. ते जरा खाली बघत म्हणाले, "पाण्याची वेळ आमच्या टेबलावर ठरते. पण गाडीची वेळ?"

"वरच्या मजल्यावर," तात्या म्हणाले.

"त्यांनी आम्हाला कधी विचारलं नाही."

"आपनबी त्येंना सांगितलं न्हाय, साहेब." तात्या उठून उभे राहिले. "मला ठावं हुतं. पयल्या दिवसापासनं ठावं हुतं. माज्या घरातच हुतं ते."

येमूलसाहेब जिना चढून वर गेले. जिना चढायला त्यांना सगळं मिळून एवढे महिने लागले. घंटागाडी पाण्याच्या दिवसावरून हलवून मधल्या सकाळींवर आणली. ढीग हळूहळू आटला आणि एका सकाळी ओटा नुसताच दिसला, कोरा, आपण कशासाठी जन्माला आलो हे न कळल्यासारखा. देवही मोकळा श्वास घेऊ लागले. मोठ्या साहेबांनी वर कळवलं, की आंतरविद्याशाखीय दृष्टिकोन यशस्वी झाला आहे.

ढीग गेला, पण तात्यांच्या घरातलं तसंच राहिलं. राजाबाई त्यांच्याशी बोलत होत्या, पण पाहुण्याशी बोलावं तशा. ओळख नसलेल्या माणसाशी घरंदाज बाईने जसं बोलावं तसं.

"पाव्हणं, हात धुतला का?" "पाव्हणं, आपलं गाव कोन्चं म्हनला?" सकाळी चहा कपबशीत, ट्रेमधून. आणि ताटात कडक भाकरी. तात्यांची एक दाढ हलायला लागली. दाढेचं दुःख नव्हतं. दुःख होतं ते त्या 'पाव्हणं'चं.

आणखी एक आठवडा तसाच गेला. मग एके दिवशी तात्या समितीला म्हणाले, "कॅमेरा काडायच्या आदी एक शेवटचा फ्लेक्स लावायचा हाय."

तिघांनीही कान टवकारले. मॅडम म्हणाल्या, "छान! पण मजकूर सकारात्मक हवा. मला आधी दाखवा." सर म्हणाले, "दोन-तीन नमुने करून लोकांचं मत घेऊ." येमूलसाहेब म्हणाले, "लोखंडी चौकट मी देतो. मजकूर मात्र समितीपुढे ठेवा."

"व्हय की," तात्या म्हणाले, आणि कुणालाही न दाखवता थेट फ्लेक्सवाल्याकडे गेले.

सोमवारी सकाळी तानाबाई धावत आल्या. "राजाक्का! चौकात चल. आत्ताच्या आत्ता!"

चौकात आजवर लागला नव्हता एवढा मोठा फ्लेक्स होता. त्यावर राजाबाई. हिरवी इरकल, नथ, हातात चमकती बादली, डोळे सरळ समोर. ही तीच सकाळ होती, प्रश्न विचारला जाण्याआधीचा क्षण, हसतानाचा. वर नेहमीसारखंच लाल अक्षरात 'यांना ओळखता का?' आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरात :

'व्हय, वळखतो. माजी मालकीण हाय. — बिरुदेव हरिबा कोकरे.'

तात्या पानटपरीच्या आडोशाला उभे होते. मोठे साहेब त्याच रस्त्याने ऑफिसला जायचे, समितीही जायची, सगळं शहर जायचं. तरी ते तिथून हलले नाहीत.

राजाबाईंनी एकेक अक्षर लावत वाचलं. मग पुन्हा वाचलं. तानाबाईंना म्हणाल्या, "तुज्यापरास मोटा हाय नव्हं?"

"लई मोटा."

"बादली कशी दिसती गं?"

"चांदीवानी."

राजाबाई टपरीकडे न बघताच घरी निघून गेल्या. तात्यांना काही कळेना. होटगीहून तानाबाईंच्या भावाचे, मोडनिंबहून मेव्हण्याचे फोन यायला लागले. साहेबांचा फोन आला तो तात्यांनी उचललाच नाही.

दुपारी ते घरी गेले तेव्हा चुलीवरची ज्वारीची भाकरी टम्म फुगली होती. ताटात लोणी होतं, वांग्याचं भरीत होतं. तात्यांनी घास मोडला. आवाज झाला नाही. दुखऱ्या दाढेलाही काही कळलं नाही.

राजाबाई समोर बसल्या, पदराने वारा घेत. मग त्यांनी तव्यावरची दुसरी भाकरी उलथन्यावर घेतली.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना, "आनकी एक वाडू का?"

"व्हय की," तात्या म्हणाले.